बाणदंड सरळीकरण

बाणदंड सरळीकरण : बारीक बांबू, रोपांची सरळसोट काठी किंवा बोरूसारखी काडी यांपासून हाताने तयार करावयाच्या बाणाच्या दांड्यातील नैसर्गिक बाक उष्णता, हाताचा दाब व नजर यांच्या साहाय्याने काढून टाकण्याची प्रक्रिया. बाणाचे फाळ, दांडा, पिसे आणि प्रत्यंचेत बसणारी खाच असे चार भाग असतात. त्यांपैकी फाळ लोहार घडवितो, पिसे पक्ष्यांपासून मिळतात. दांडा मात्र रानातून आणावा लागतो आणि रानात पूर्णपणे सरळ असे काहीच वाढत नाही. त्यामुळे जेथे बाण यंत्राविना होतात तेथे दांडा सरळ करणे हेच बाण तयार करण्यातील मुख्य कसब ठरते. महाराष्ट्रात हे कसब समजून घेण्याचा स्वाभाविक प्रदेश म्हणजे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील बांबूची जंगले आणि त्यांत राहणाऱ्या गोंड, विशेषतः माडिया गोंड, लोकांचा तीरकमठा होय.

सरळपणाचे महत्त्व : बाण सुटताना प्रत्यंचा त्याला मागून ढकलते. दांडा सरळ असेल, तर हा रेटा दांड्याच्या मध्यरेषेतून जातो. बाक असेल, तर दांड्याचा गुरुत्वमध्य त्या रेषेच्या बाजूला पडतो व बाण सुटतानाच डगमगू लागतो. ७५ सेंमी. लांबीच्या दांड्याच्या मध्यभागी केवळ ३ मिमी. इतका एकसारखा बाक राहिला, तर त्याचे टोक दोन्ही टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेशी सु. ०·९° कोन करते. २० मी. अंतरावर एवढ्या कोनाचा अर्थ सु. ३२ सेंमी. असा होतो. मागील पिसे हा दोष बऱ्याच अंशी सावरतात. परंतु तसे करताना बाणाचा वेग खर्ची पडतो.

सरळपणा म्हणजे ताठरपणा नव्हे. साध्या धनुष्यात बाण दांडीच्या बाजूने जातो, म्हणून सुटताना तो किंचित वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि पुन्हा सरळ होत पुढे जातो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन भौतिकीविज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने बाणाच्या गतीचा अभ्यास केला, तेव्हा हे वाकणे स्पष्टपणे दिसून आले. चांगला दांडा स्थिर असताना सरळ, सुटताना लवचिक व लगेच पूर्वस्थितीवर येणारा असावा लागतो. हे तिन्ही गुण एकत्र राखावयाचे असल्याने बाक काढण्यासाठी दांडा तासणे हा उपाय घातक ठरतो. भरीव दांड्याची ताठरता त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास एक दशांशाने घटला, तर ताठरता सु. एकतृतीयांशाने कमी होते. शिवाय बांबूतील सर्वांत बळकट तंतू बाहेरच्या थरात दाटलेले असतात. सुरीने फुगवटा छाटला की नेमके तेच तुटतात. म्हणून कसबी कारागीर बाक कापत नाही, तो तापवून वळवितो.

प्रदेश व द्रव्ये : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. त्याचा सु. तीनचतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांतील या पानझडी जंगलांत साग, ऐन, मोह, तेंदू या वृक्षांबरोबर बांबूची बेटे विपुल आहेत. त्यांतील प्रमुख जात म्हणजे भरीव बांबू, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. कोरड्या, खडकाळ जागी हा बांबू बारीक राहतो आणि पुष्कळदा आतून जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. ओलसर, सुपीक जागी तो उंच व जाड होतो, पण आतील पोकळी वाढते. कारागिराच्या दृष्टीने निकृष्ट जमिनीवरील खुरटा बांबूच अधिक मोलाचा असतो.

मध्य भारतात बाणांसाठी बारीक बांबू, बांबूच्या फांद्या, जाड बांबूच्या उभ्या चिरफळ्या आणि नदीकाठच्या शर जातीच्या गवतांच्या काड्या वापरीत आले आहेत. ‘शर’ या संस्कृत शब्दाचे गवत आणि बाण असे दोन्ही अर्थ आहेत, यावरून हे द्रव्य किती जुने असावे याची कल्पना येते. धनुष्यासाठी बांबूखेरीज धामण या झाडाचे लवचिक व चिवट लाकूड वापरतात. संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष असेच नाव आहे. प्रत्यंचा पुष्कळदा बांबूच्या बाहेरील सालीच्या पट्टीची असते. गोंडीतील धनुष्यवाचक ‘विल’ हा शब्द तमिळमधील ‘विल्’ व तेलुगूमधील ‘विल्लु’ या शब्दांचा सगोत्र आहे.

बाणांचे प्रकार कामानुसार ठरतात. मोठ्या जनावरांसाठी रुंद पात्याचे, मांसात अडकून राहावेत म्हणून मागे वळलेल्या काट्यांचे, माशांसाठी सडपातळ व टोकदार, तर पक्ष्यांसाठी बोथट गोळीसारख्या टोकाचे बाण असतात. काहींना पिसे लावतात, काहींना लावीत नाहीत. जड फाळाचा व जवळून मारावयाचा बाण पिसांविना चालू शकतो. पण अशा बाणात चूक सावरणारे काहीच नसल्याने त्याचा दांडा अधिक काळजीपूर्वक सरळ करावा लागतो.

निवड व वाळवण : सरळीकरणाचे निम्मे काम बांबू तोडतानाच होते. बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण त्याचे तंतू पक्व होण्यास सु. तीन वर्षे लागतात. कोवळी काठी तापविल्यावर सहज वळते आणि तितक्याच सहज पुन्हा वाकते. वाळताना ती सुरकुतते. फार जुनी काठी ठिसूळ होऊन तडकते. म्हणून मधल्या वयाची, पेरी ठळक नसलेली व जाडी सावकाश कमी होत जाणारी काठी निवडतात. एकाच दिशेचा लांब बाक हा दोष मानला जात नाही, कारण तो सहज निघतो. दोन विरुद्ध दिशांना गेलेला नागमोडी बाक त्रासदायक असतो, तर काठीच्या अंगातच असलेला पीळ कोणत्याही उपायाने जात नाही. अशी काठी सोडून देणे हेच शहाणपणाचे असते.

तोडणी पावसाळ्यानंतर, थंडीच्या दिवसांत करणे हितकर असते. वाढीच्या काळात काठीत पिष्टमय द्रव्य अधिक असते आणि त्यावर डिनोडेरस प्रजातीचे भुंगेरे पोसतात. त्यांनी पोखरलेल्या बांबूतून पिठासारखा भुसा गळतो व दांडा आतून निकामी होतो. काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास हे द्रव्य बरेचसे निघून जाते. नंतर काठ्या सालीसकट, हव्या त्या लांबीपेक्षा थोड्या अधिक ठेवून, घट्ट मोळी बांधून सावलीत वाळवितात. मोळीत काठ्या एकमेकींना धरून ठेवतात, त्यामुळे वाळताना नवा बाक येत नाही. उन्हात वाळविल्यास एक बाजू आधी आकसते व काठी वाकते किंवा चिरते. चुलीवरील माळ्यावर ठेवलेल्या काठ्यांना धुरामुळे कीड कमी लागते, हा अनुभव ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आहे.

तापवून सरळ करणे : वाळलेल्या काठीची पेरी प्रथम हलकेच खरवडून गुळगुळीत करतात, पेऱ्याखालील तंतूंना मात्र धक्का लावीत नाहीत. जाड, बुंध्याकडील बाजू फाळासाठी ठेवणे सोयीचे असते, कारण त्यामुळे वजन पुढे राहते. मागील खाच पेऱ्याच्या लगत घेतात. तेथील आडवे तंतू प्रत्यंचेच्या रेट्याने दांडा उभा फाटू देत नाहीत.

तापविण्यासाठी जाळ नव्हे, तर धूर न करणारे निखारे हवेत. जाळाने बाहेरील थर करपतो आणि आतील भाग थंडच राहतो. काठी निखाऱ्यांपासून थोड्या अंतरावर सतत फिरवीत, बाकाच्या जागी पुढेमागे सरकवीत तापवितात. सालीवर चमक येऊ लागली, मेणासारखा अंश पाझरला आणि काठी हाताला सैल वाटू लागली, म्हणजे ती वळविण्याजोगी झाली. तडतड आवाज आल्यास आतील पोकळीतील हवा व वाफ प्रसरण पावून ती फुटण्याचा संभव असतो. तापविण्यापूर्वी तेल, चरबी किंवा पाणी लावल्यास उष्णता एकसारखी पसरते व पृष्ठभाग लवकर करपत नाही.

तापलेला भाग गुडघ्यावर, पायाच्या अंगठ्याखाली किंवा खाच पाडलेल्या लाकडात धरून बाकाच्या उलट दिशेने सावकाश दाबतात. काठी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे नेऊन तेथेच थंड होईपर्यंत धरावी लागते, कारण सोडल्यावर ती थोडी मागे येते. किती पलीकडे न्यावयाचे, हे प्रत्येक काठीगणिक वेगळे असते व ते हातालाच कळते. प्रथम संपूर्ण काठीचा मोठा बाक, मग एकेका कांड्यातील बाक आणि शेवटी पेऱ्यांवरील लहान कोन, असा क्रम असतो. पेरे कांड्यापेक्षा ताठर असल्याने त्याला अधिक उष्णता लागते. हा क्रम उलटला, तर पेऱ्यांवर केलेले श्रम मोठा बाक काढताना वाया जातात.

प्रत्येक वेळी काठी डोळ्याजवळ धरून, एक डोळा मिटून, फिरवीत तिच्या लांबीच्या दिशेने पाहतात. काठीचे जवळचे टोक व दूरचे टोक यांची अंतरे फार वेगळी असतात. दोन्ही डोळे उघडे असतील, तर जवळच्या टोकाच्या दोन प्रतिमा दिसतात आणि रेषा समजत नाही. एका डोळ्याने पाहिल्यास सर्व बिंदू एकाच दृष्टिरेषेत येतात. दुसरी कसोटी स्पर्शाची आहे. दांडा बोटांच्या नखांवर ठेवून गरगर फिरविला असता सरळ दांडा निमूटपणे फिरतो, वाकडा थरथरतो. सरळ झालेला दांडा एकदोन दिवस ठेवून पुन्हा तपासतात, कारण हवेतील ओलावा शोषताना बाक काही अंशी परत येतो. तो पुन्हा काढावा लागतो. दोनतीन वेळा असे केल्यावर दांडा बराच स्थिरावतो.

तत्त्व : लाकूड व बांबू यांत सेल्युलोजचे लांब, बळकट तंतू असून त्यांना लिग्निन व हेमिसेल्युलोज ही द्रव्ये एकत्र बांधून ठेवतात. उष्णतेने ही बंधक द्रव्ये मऊ होतात, तंतू मात्र शाबूत राहतात. ओलाव्यामुळे मऊ होण्याचे तापमान बरेच खाली येते : ओले लाकूड पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास वळू लागते, तर वाळलेल्या बांबूसाठी सु. १५०° से. तापमान लागते. मऊ झालेल्या स्थितीत दाब दिला की तंतू एकमेकांवरून अल्पसे सरकतात. बाकाच्या बाहेरील बाजूचे तंतू दाबले जातात व आतील बाजूचे ताणले जातात. थंड झाल्यावर बंधक द्रव्ये पुन्हा घट्ट होतात आणि नवी मांडणी टिकते. २००° से.च्या पुढे तंतूंचेच विघटन सुरू होऊन दांडा ठिसूळ बनतो. उष्णता कमी पडली तर बाक परततो, जास्त झाली तर दांडा मरतो; कारागिराचे सर्व कौशल्य या अरुंद पट्ट्यात सामावलेले आहे. ही मांडणी कायमची नसते. पावसाळी हवा, भिंतीला तिरपे टेकवून ठेवणे, लक्ष्यावरील आघात यांमुळे दांडा पुन्हा वाकतो, म्हणून वापरात असलेला बाण वारंवार निखाऱ्यावर आणावा लागतो.

प्राचीन उल्लेख : बाणाचा दगडी, हाडाचा वा लोखंडी फाळ जमिनीत टिकतो, दांडा मात्र कुजून जातो. विदर्भातील महापाषाणयुगीन स्थळांतून लोखंडी वस्तू मोठ्या प्रमाणावर मिळाल्या असून नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टीही उजेडात आली आहे. तथापि त्या काळच्या बाणांच्या दांड्यांविषयी माहितीसाठी वाङ्‌मयाकडेच वळावे लागते.

कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड व शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत. प्रत्यंचेच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांबरोबर बांबूचाही समावेश आहे. बाणाची अग्रे छेदणारी, भेदणारी व नुसता आघात करणारी अशी तीन प्रकारची आणि लोखंड, हाड वा लाकूड यांची सांगितली आहेत. बांबूची प्रत्यंचा व बोथट टोकाचा बाण या दोन्ही गोष्टी मध्य भारतातील आदिवासींच्या वापरात विसाव्या शतकातही आढळत होत्या, हे लक्षणीय आहे.

सरळीकरणाचे वर्णन बौद्ध वाङ्‌मयात अधिक स्पष्ट आहे. धम्मपदात चित्त सरळ करणाऱ्या ज्ञानी पुरुषाला बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. महाजनक जातकातील बाणकार निखाऱ्यांच्या पात्रात बाण तापवितो, त्याला आंबट कांजी लावतो आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहत तो सरळ करतो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही कृती आणि वर दिलेली कृती यांत फारसा फरक नाही. कांजीचा उपयोगही ओलाव्याने लाकूड मऊ करणे व करपू न देणे हाच असावा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये बाण करणारा एक गुरू आहे. कामातील एकाग्रतेमुळे जवळून गेलेली राजाची स्वारीही त्याच्या ध्यानात येत नाही. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसी येथे पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे हा दृष्टांत मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. फार्सीतून आलेला ‘तीरगर’ हा शब्दही बाण करणाऱ्याचा वाचक असून राजस्थान व गुजरातेत तो एका जातीचे नाव म्हणून रूढ आहे.

अन्य देशांतील पद्धती : ऑस्ट्रिया–इटली सीमेवरील आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, इ. स. पू. सु. ३३०० मधील मानवाच्या भात्यात चौदा बाणदंड होते; त्यांपैकी फक्त दोनच पूर्ण झालेले बाण होते. हे दांडे मुख्यतः व्हायबर्नम या झुडुपाच्या सरळ फोकांचे आहेत. आर्क्टिक प्रदेशातील एस्किमो लोक हाडाच्या वा हस्तिदंताच्या तुकड्यास भोक पाडून त्यात दांडा अडकवीत व तरफेसारखा दाब देऊन तो सरळ करीत. युरोपातील उत्तर पुराणाश्मयुगीन, भोके पाडलेली शिंगेही याच कामाची असावीत असे काही पुरातत्त्वज्ञांचे मत आहे, परंतु त्याविषयी एकमत नाही. जपानमध्ये बाणांसाठीच्या खास बारीक बांबूला निखाऱ्यावर तापवून खाच पाडलेल्या लाकडी साधनाने सरळ करण्याची परंपरा आजही चालू आहे. आधुनिक क्रीडा-धनुर्विद्येत ॲल्युमिनियम व कार्बन तंतूंचे दांडे वापरतात. त्यांचा सरळपणा इंचाच्या हजारांशांत सांगितला जातो. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात नागपूरचे ओजस देवतळे व साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी विजेतेपदे मिळविली, ती अशाच यंत्रनिर्मित बाणांनी. त्या बाणांत सरळपणा विकत मिळतो. बांबूच्या बाणात तो करावा व राखावा लागतो.

सद्यःस्थिती : केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेषतः दुर्बल आदिवासी गट म्हणून मान्यता दिली आहे, त्यांत कातकरी व कोलाम यांच्याबरोबर माडिया गोंड ही जमात आहे. भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत तिची मुख्य वस्ती आहे. शिकार हा त्यांच्या अन्नाचा, तसेच सामूहिक पारधीच्या रूपाने सण व विधी यांचा भाग होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख असून या कायद्याने शिकारीवर बंदी घातली. पुढे या प्रदेशात चपराळा (१९८६) व भामरागड (१९९७) ही अभयारण्ये घोषित झाली. घटत्या वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी हे निर्बंध आवश्यक होते. त्याचबरोबर बाण करण्याचे मुख्य प्रयोजनही त्यांनी संपुष्टात आणले.

बांबूच्या बाबतीत उलट घडले. अनेक दशके या जंगलांतील बांबू मोठ्या प्रमाणावर बल्लारपूर येथील कागद कारखान्याकडे जात असे आणि तो तोडण्याचा ग्रामस्थांचा हक्क मर्यादित होता. वन हक्क अधिनियम, २००६ ने बांबूला गौण वनोपज ठरवून त्यावरील मालकी ग्रामसभांकडे दिली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला व २०११ मध्ये तेथील ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. याच अधिनियमाने शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्टपणे वगळला आहे. परिणामी दांड्याचा बांबू आज कायद्याने गावाच्या हाती आहे, पण त्यापासून होणाऱ्या बाणाला रानात स्थान नाही.

यातून या कसबाचा प्रश्न निर्माण होतो. संग्रहालयात ठेवलेला बाण त्याचा आकार दाखवितो, पण तो सरळ कसा झाला हे सांगत नाही. शिवाय निखारा न मिळाल्याने तो स्वतःही हळूहळू वाकत जातो. सरळीकरणाचे ज्ञान वस्तूत नसून ती वारंवार दुरुस्त करणाऱ्या हातात असते, म्हणून वापर थांबला की एकदोन पिढ्यांत ते लोपते. बांबूचे वय ओळखणे, तो वाळविणे व तापवून वळविणे या क्रिया बुरडकाम, काठ्या व फर्निचर यांतही लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात बांबूकामाचे शिक्षण दिले जाते. शिकारीपासून अलग करून, लक्ष्यवेधाच्या खेळासाठी व या व्यापक बांबूकामाचा भाग म्हणून बाणदंडाचे कसब जतन करता येण्याजोगे आहे. मात्र त्यासाठी ज्यांच्या हातांना व डोळ्यांना ते अवगत आहे, त्या वयोवृद्ध कारागिरांकडूनच ते प्रत्यक्ष निखाऱ्याजवळ बसून शिकले जाणे अगत्याचे आहे.